४×५ ची शीट फिल्म घरच्या बाथरूममध्ये डेव्हलप करताना

रोल फिल्म घरी धुणाऱ्या मंडळींनाही शीट फिल्मची, म्हणजे ४×५ इंचांच्या सुट्या तुकड्यांची, धास्ती वाटते. खरं तर रसायनं तीच असतात आणि डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारा), स्टॉप (ती क्रिया थांबवणारा), फिक्सर (प्रतिमा पक्की करणारा) हा क्रमही तोच. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. रोल एकदा टाकीत गेला की दिवा लावून निवांत काम करता येतं. ट्रेमध्ये शीट धुताना मात्र फिक्सरपर्यंत सगळं मिट्ट काळोखात, बोटांच्या भरवशावर चालतं. दुसरी अडचण पाण्याची. डब्यावर छापलेलं २० अंश तापमान पुण्या-मुंबईच्या नळाला डिसेंबरातल्या पहाटे कधीतरी भेटतं, एरवी नाही. म्हणून या लेखात हात आणि पाणी यांवर जास्त लिहिलं आहे आणि बाकीचं थोडक्यात उरकलं आहे.

उदाहरण म्हणून इल्फर्ड एफपी४ प्लस ही १२५ आयएसओची फिल्म, डी-७६ डेव्हलपर आणि एका वेळी चार शीट्स असं धरू. एचपी५ किंवा फोमापॅन वापरत असाल तर फक्त वेळ बदलेल.

ट्रे की टाकी?

४×५ साठी टाक्या मिळतात. स्टीअरमनच्या एसपी-४४५ मध्ये अर्ध्या लिटरहून कमी रसायनात चार शीट्स होतात. पॅटरसनच्या मोठ्या टाकीत मॉड५४ हा शीट धरणारा साचा बसवला तर सहा होतात, पण रसायन लिटरभर लागतं. हे सगळं परदेशातून मागवावं लागतं आणि कस्टमसकट किंमत बघून माणूस ट्रेकडे वळतो. केस बांधायच्या रबरबँडने शीट गुंडाळून साध्या पॅटरसन टाकीत उभी करण्याची युक्तीही चालते. इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची, बाजू आत ठेवायची आणि शेवटी पाठीमागचा रंग नीट धुऊन काढायचा.

माझं मत विचाराल तर ट्रेच शिका. खर्च जवळजवळ शून्य, आणि चारपैकी एका शीटला दोन मिनिटं कमी द्यायची असतील तर तीही सोय होते. शीट फिल्म वापरण्याचं निम्मं कारण तेच तर आहे. ओरखडे पडतात ही ट्रेबद्दलची तक्रार खरी आहे, पण ते हातामुळे पडतात आणि हात वळण लावून सुधारतो.

अंधार

खिडकी नसलेलं किंवा एकच झरोका असलेलं बाथरूम उत्तम. झरोक्यावर काळा पुठ्ठा आणि कडांना काळी टेप लावा. दाराखालची फट जाड चादरीच्या गुंडाळीने बुजवा. रात्री काम केलं तर निम्मी अडचण आपोआप सुटते. मग दिवा बंद करून दहा मिनिटं आत बसा. पाच मिनिटांनी न दिसणाऱ्या फटी दहाव्या मिनिटाला दिसू लागतात. पांढरा कागद डोळ्यांसमोर हलवून बघा. त्याची हालचाल जाणवली तर कुठून तरी उजेड येतोय. गीझरचा लाल दिवा हमखास विसरला जातो. मनगटावरचं स्मार्टवॉच आणि रेडियमचे काटे असलेलं घड्याळ बाहेर ठेवा.

लाल दिव्याचा इथे उपयोग नाही. एफपी४ सारखी पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल उजेडही टिपते. लाल दिव्यात काम करायचंच असेल तर इल्फर्डची ऑर्थो प्लस घ्या किंवा एक्स-रे फिल्म. सर्जिकल मालाच्या दुकानात ८×१० इंची एक्स-रे फिल्म मिळाली तर तिचे चार तुकडे होतात. मात्र ते नेमके ४×५ कापू नका, प्रत्येक बाजूने मिलिमीटर-दीड मिलिमीटर कमी ठेवा; नाहीतर होल्डरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात शीट धरणाऱ्या चौकटीत, शिरणार नाहीत. दुकानदाराला स्पष्ट सांगा की रसायनात धुवायची जुन्या पद्धतीची फिल्म हवी. डिजिटल मशीनची ड्राय फिल्म आपल्या काही कामाची नाही. एक्स-रे फिल्मला बहुधा दोन्ही बाजूंनी इमल्शन असतं, त्यामुळे ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवावी लागते.

रसायनं

तयार पावडर मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर डी-७६ घरी बनवता येतो. १९२० च्या दशकापासून त्याचं सूत्र सर्वांना माहीत आहे. ५० अंश तापलेल्या ७५० मिली पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे टाकणखार, २ ग्रॅम याच क्रमाने विरघळवायचं आणि पाणी घालून एक लिटर करायचं. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाका, म्हणजे मेटॉल हवेने काळवंडत नाही. चिमूटभरच टाका, सगळं सल्फाइट आधी घातलंत तर मेटॉल विरघळायला नकार देतं. बाटली गळ्यापर्यंत भरून एक दिवस मुरू द्या.

केमिकलच्या दुकानात नाव लिहून न्या. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी रसायनं आहेत आणि काउंटरवरच्या घाईत ती सहज एकमेकांच्या जागी येतात. सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो आणि आम्लाशी गाठ पडली तर त्यातून विषारी वायू सुटतो. पुडी उघडताच तसा वास आला तर ती तशीच परत करा.

स्टॉपबाथसाठी किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग. वास नको असेल तर लिटरला १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. फिक्सरसाठी हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे २०० ग्रॅम आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २० ग्रॅम, लिटरभर पाण्यात. हायपो विरघळताना पाणी इतकं गार पडतं की भांड्याला बाहेरून हात लावला तरी कळतं, म्हणून सुरुवात कोमट पाण्याने करा. मेटाबायसल्फाइट मात्र पाणी निवल्यावर घाला. अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर मिळाला तर दहा मिनिटांचं काम तीन-चार मिनिटांत होतं.

नायट्राइल हातमोजे घालाच. मेटॉलची ॲलर्जी काहींना वर्षानुवर्षं काम केल्यावर एकाएकी सुरू होते आणि मग ती पाठ सोडत नाही. मोजे बोटांना घट्ट बसणारे हवेत. सैल मोज्याची घडी शीटवर घासते. रसायनांचे ट्रे आणि मोजपात्रं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत.

पाणी आणि घड्याळ

आपल्याकडे २० अंशांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. बर्फ घालघालून डेव्हलपर २० वर आणायचा आणि मग शीट ३० अंशांच्या पाण्यात धुवायची, यात इमल्शन फुगून सुरकुततं. बाकी काही जमो न जमो, भिजवण्याच्या पाण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळं एकाच तापमानाला ठेवा. दोन अंशांचा फरक खपतो. थंडीत २२, एरवी २४ आणि मे महिन्यात २७ असं आपलं आपण ठरवा आणि वेळ त्यानुसार बदला.

हिशेब असा. एफपी४ प्लसला डी-७६ मध्ये १+१, म्हणजे एक भाग डेव्हलपर आणि एक भाग पाणी, २० अंशांना ११ मिनिटं लागतात. एक अंश वाढला की वेळ साधारण नऊ-दहा टक्के कमी होते, म्हणजे २४ अंशांना साडेसात मिनिटं. ही वेळ टाकी मिनिटातून एकदा हलवण्यासाठी आहे. ट्रेमध्ये शीट्स सतत फिरत असतात, त्यामुळे आणखी दहा-पंधरा टक्के कापा. उरली साडेसहा मिनिटं. सुरुवातीला ही वेळ धरा.

आता २७ अंशांना हाच हिशेब केला तर पाच मिनिटांच्या खाली जातो, आणि पाच मिनिटांखाली आकाश डागाळतं, कारण चार शीट्स सारख्या भिजायलाच तेवढा वेळ लागतो. अशा वेळी डेव्हलपर पातळ करा. १+३ ला २० अंशांची वेळ २० मिनिटं आहे. ती २७ अंशांना सव्वादहा आणि सतत हलवण्याची कपात धरून पावणेनऊ मिनिटं होते. हाताला पुरेसा अवकाश मिळतो. पातळ डेव्हलपरमुळे ग्रेन, म्हणजे चित्रातला रवाळपणा, किंचित वाढतो, पण ४×५ च्या निगेटिव्हमध्ये तो शोधत बसावं लागेल. फक्त एक पाहा: ४×५ च्या चार शीट्स म्हणजे क्षेत्रफळाने ३५ मिमीचा एक रोल, आणि त्याला मूळ डेव्हलपर किमान १०० मिली लागतो. ६०० मिलीच्या ट्रेमध्ये १+३ केलं तर १५० मिली येतो, म्हणजे पुरतो. काम झालं की हा पातळ डेव्हलपर ओतून द्या, परत बाटलीत भरू नका.

पाणी गार कसं ठेवायचं? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं आणि पहाटे पाचला तेच बरंच निवलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरा. पुणे, नाशिक, नागपूरकडे कोरड्या हवेत माठ उत्तम काम देतो. रात्री भरून ठेवला की सकाळी हवं ते पाणी तयार. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे माठ तेवढा गार करत नाही. तिथे मोठ्या टबमध्ये चार बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा आणि टबच्या पाण्यात बर्फाची बंद बाटली सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये घातला तर तो किती पातळ झाला याचा पत्ता लागत नाही. थर्मामीटर एकच वापरा. तो अर्धा अंश चुकीचा दाखवत असला तरी रोज तेवढाच चुकीचा दाखवेल, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

उजेडातली तालीम

चार वाया गेलेल्या शीट्स घ्या. नसतील तर जाड प्लास्टिकचे तेवढ्याच मापाचे तुकडे. ट्रेमध्ये साधं पाणी भरा आणि पुढे लिहिलेली फिरवाफिरवी आधी डोळे उघडे ठेवून करा, मग मिटून. डोळे मिटल्यावर शीट तिरकी होते, दोन एकदम उचलल्या जातात, एक तळाशीच राहते. हे सगळं इथे होऊन जाऊ द्या.

शीट शक्यतो फक्त कडांना धरा. वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात खाचा बोटाला लागल्या, शीट उभी धरलेली असली, की इमल्शन तुमच्याकडे तोंड करून आहे. खाचांचा आकार प्रत्येक फिल्मचा वेगळा असतो. सरावाने अंधारात फिल्मही ओळखता येते.

ट्रे शीटपेक्षा थोडाच मोठा हवा, ५×७ किंवा ६×८ चा. मोठ्या ट्रेमध्ये शीट्स चार दिशांना पोहत जातात आणि अंधारात त्या गोळा करताना ओरखडे पडतात. डावीकडून उजवीकडे पाणी, डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर असे चार ट्रे मांडा आणि दर वेळी तसेच मांडा. बाथरूम लहान असेल तर कमोडवर फळी टाका.

अंधारात वेळ मोजायला फोनवर स्वतःच्या आवाजात सूचना ध्वनिमुद्रित करून ठेवा: “डेव्हलपर सुरू”, “एक मिनिट”, “पहिली काढ”. फोन दाराबाहेर ठेवून तेच लावून द्या. आकडे मनात मोजत शीट्स फिरवायला गेलात तर दोन्हीतलं एक बिघडतं.

प्रत्यक्ष काम

हात कोरडे असताना दिवा बंद करा. होल्डरमधून शीट्स काढा. डार्क स्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) काळी बाजू बाहेर म्हणजे एक्सपोज झालेली शीट, पांढरी म्हणजे कोरी, हा संकेत फोटो काढतानाच पाळलेला असला पाहिजे. पांढऱ्या बाजूच्या कडेवर उंचवटे असतात, ते बोटाला कळतात. चारही शीट्स इमल्शन वर करून डाव्या हातात पत्त्यांसारख्या धरा. पहिल्या शीटच्या खाचा मात्र उलट्या टोकाला करा. पुढे ती बोटाला लागली की एक फेरी पूर्ण झाल्याचं कळेल.

डावा हात शेवटची शीट पाण्यात जाईपर्यंत कोरडा राहिला पाहिजे. उजव्या हाताने एक शीट घ्या, पाण्यावर सपाट सोडा, बोटांच्या पेरांनी हलके दाबून बुडवा आणि ती पूर्ण भिजल्यावरच दुसरी घ्या. दोन कोरड्या किंवा अर्धवट ओल्या शीट्स एकमेकींना चिकटल्या तर सोडवताना इमल्शन सोलून निघतं. चारही बुडाल्या की तीन मिनिटं पाण्यातच फिरवा. ही भिजवण मुख्यतः चिकटू नये म्हणून असते. पाण्याला निळसर-जांभळा रंग येतो, त्याचं काही नाही.

फिरवायचं असं. गठ्ठ्याच्या तळाची शीट लांब कडेने बाहेर ओढा, उचला, वर सपाट सोडा आणि बोटांच्या पेरांनी खाली दाबा. सोडताना कोपरा आधी खाली गेला तर तो खालच्या शीटच्या इमल्शनवर रेघ ओढतो; ओरखड्यांचं सर्वांत मोठं कारण हेच. नखं कापलेली हवीत. चार शीट्सची एक फेरी साधारण वीस-पंचवीस सेकंदांत व्हावी. एका फेरीनंतर गठ्ठा काटकोनात वळवता आला तर कडांना जास्त डेव्हलपर लागत नाही.

आता एकेक शीट पाच-पाच सेकंदांच्या अंतराने डेव्हलपरमध्ये टाका, उलट्या खाचांची आधी. पहिलं अर्धं मिनिट जरा चपळाईने फिरवा, मग ठरलेल्या लयीत. वेळ संपली की त्याच क्रमाने, त्याच अंतराने काढा. प्रत्येक शीट कोपऱ्याला धरून निथळू द्या आणि स्टॉपमध्ये घाला. एखाद्या शीटला कमी वेळ द्यायची असेल, उदाहरणार्थ भर उन्हातल्या वाड्याची चौकट जिच्यात आत काळोख आणि बाहेर चुना लावलेली भिंत आहे, तर ती पहिली ठेवा आणि वीस-पंचवीस टक्के आधी काढून स्टॉपमध्ये टाका. बाकी तिघी फिरत राहतील. अशा शीटला फोटो काढतानाच थोडं जास्त एक्सपोजर दिलेलं हवं.

स्टॉपमध्ये अर्धं मिनिट, मग फिक्सर. फिक्सरमध्येही फिरवत राहा. हायपोमध्ये पाच-सहा मिनिटं झाली की दिवा लावायला हरकत नाही. शीट दुधाळ दिसत असेल तर अजून वेळ द्या. दुधाळपणा जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट एकूण वेळ फिक्सरमध्ये ठेवायचं. फिल्मचा एक तुकडा ताज्या फिक्सरमध्ये टाकून हा वेळ मोजून बाटलीवर लिहून ठेवा. तो दुप्पट झाला की तो फिक्सर संपला.

धुणं आणि वाळवणं

नळ तासभर सोडून ठेवायची गरज नाही, आणि टँकरच्या दिवसांत ते शोभतही नाही. ट्रेमध्ये ताजं पाणी घ्या, दोन-तीन मिनिटं शीट्स फिरवा, ओता. असं सात-आठ वेळा केलं की काम झालं. तुरटी असलेला, कडक करणारा फिक्सर वापरला असेल तर याच्या दुपटीहून जास्त धुवावं लागतं. आजच्या फिल्मचं इमल्शन पूर्वीइतकं नाजूक नसतं, त्यामुळे तो सहसा लागत नाही.

शेवटचं पाणी बोअरवेलचं नको. क्षारांचे पांढरे ठिपके एकदा वाळले की पुसताना ओरखडे पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात फोटो-फ्लो (पाणी डाग न ठेवता निथळावं म्हणून घालायचं द्रावण) २०० भागांना एक या प्रमाणात टाका आणि एक मिनिट बुडवून शीट थेट दोरीवर लावा. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, त्यातले रंग-वास फिल्मवर बसतात. कपड्यांच्या चिमट्याने एकच कोपरा धरा, म्हणजे पाणी समोरच्या कोपऱ्यातून निथळेल. पुसायचं काहीच नाही, बोटांनीसुद्धा नाही. पंखा बंद ठेवा. दोरी बांधण्याआधी बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडला की वाफेबरोबर धूळ खाली बसते.

पावसाळ्यात मात्र वेगळी काळजी. जुलैत कोकणपट्टीत शीट रात्रभर टांगूनही कडेला दमट लागते. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, आणि पाकिटं सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. जिलेटीन हे बुरशीचं आवडतं खाणं आहे.

निगेटिव्ह वाचताना

वाळलेली निगेटिव्ह छापील मजकुरावर ठेवा. सर्वांत काळ्या भागातून अक्षरं जेमतेम वाचता आली तर डेव्हलपमेंट ठीक. अक्षरं दिसतच नसतील तर पुढच्या वेळी पंधरा टक्के वेळ कमी करा. सहज वाचता येत असतील तर तेवढीच वाढवा. सावल्यांच्या जागी निव्वळ काचेसारखी पारदर्शक फिल्म असेल तर दोष एक्सपोजरचा. डेव्हलपरमध्ये जास्त ठेवून सावल्यांतला तपशील परत येत नाही, नुसतं आकाश आणखी दाट होतं.

कडा दाट आणि मध्य फिका असेल तर ट्रेमध्ये जोरात हलवलं गेलंय. गोल फिके ठिपके म्हणजे हवेचे बुडबुडे, शीट सपाट दाबली गेली नव्हती. सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके बहुधा होल्डरमधल्या धुळीचे असतात; होल्डर भरण्याआधी रुंद ब्रशने झाडा. एकाच कोपऱ्यात काळपट धूसरपणा आला तर होल्डरची फट तपासा, अंधार पुरेसा असूनही तिथून उजेड शिरतो.

संपलेला फिक्सर मोरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, त्यात विरघळलेली चांदी असते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, वर तारीख घाला आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. जुन्या पद्धतीने एक्स-रे धुणाऱ्या केंद्रांकडून वापरलेला हायपो विकत घेणारे भंगारवाले असतात. जवळच्या केंद्रात विचारलंत तर त्यांचा नंबर मिळेल.